नात वर्षभर कुणाच्या घरी निजली?
(परदेशी मुले असलेल्या सभासदांसाठी माहिती)



दरवेळी या पानावर आम्ही बेणेप्रक्रिया, हुमणी, खोडव्याचे पाचट अशा विषयांवर लिहितो. या खेपेस विषय जरा वेगळा आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने अमेरिकेच्या आयकरावर लिहावे हे वाचून काही मंडळींना हसू येईल. पण गेल्या काही वर्षांत आपल्या गटागटांतून मुले-मुली अमेरिकेत नोकरीला गेली आहेत, त्यांची लेकरे तिकडे जन्मली आहेत, आणि त्या लेकरांचे आजी-आजोबा आपले सभासद आहेत. तिकडून एखादा कागद मागितला की आजोबा थेट गट ऑफिसात येतात. तेव्हा हा विषय आमच्या टेबलावर आपल्या पायांनी चालत आलेला आहे.

हकीकत अशी

२०२५ च्या मार्च महिन्यातील गोष्ट. हंगाम संपत आला होता, शेवटच्या तोडणी चिठ्ठ्या निघत होत्या. एक जुने सभासद, त्यांना सारे आबा म्हणतात, गट ऑफिसात आले. चहा झाला, टनेजची चौकशी झाली. मग त्यांनी हळूच विषय काढला.

“साहेब, कारखान्याच्या लेटरहेडवर एवढं लिहून द्या, की आमची नात गणपतीला गावी आली आणि दिवाळी करून परत गेली. तिकडं पोराला पाहिजे. टॅक्सवाला अडून बसलाय.”

आम्ही विचारात पडलो. कारण मे महिन्यात हुमणीचे प्रकाश सापळे पाहायला आम्ही आबांच्या प्लॉटवर गेलो होतो, तेव्हा ही नात आबांच्या खांद्यावर होती. आम्ही म्हटले, “आबा, नात गणपतीला कुठं आली? ती तर पाडव्यापासून तुमच्याकडं होती.”

आबा म्हणाले, “व्हती की. पण तसं लिहिलं तर पोराचं दोन हजार डॉलरचं नुकसान हुतंय. आणि आमच्याच नातीचा पुरावा त्या परक्या माणसाला कशाला पाहिजे? ती आमची नव्हं का?”

आबांचा राग खरा होता. परंतु त्यात एक गैरसमज होता. तो टॅक्सवाला, ‘नात तुमची आहे का’ असे विचारीत नव्हताच. त्याचा प्रश्न निराळा होता. तो नीट समजावा म्हणून हा लेखप्रपंच.

सवलत कशाची आणि कोणाला

अमेरिकेत नोकरदार माणूस दरवर्षी आयकराचे विवरणपत्र भरतो. तिकडचे वर्ष १ जानेवारी ते ३१ डिसेंबर असे असते, आपल्यासारखे एप्रिल ते मार्च नव्हे. विवरणपत्राची मुदत साधारणपणे १५ एप्रिलपर्यंत असते. ज्याच्या घरात लहान मूल आहे त्याला करात सूट मिळते. त्यातली मोठी सूट म्हणजे चाइल्ड टॅक्स क्रेडिट. वर्षअखेर १७ वर्षांच्या आत असलेल्या प्रत्येक मुलामागे २०२४ सालासाठी ही सूट २,००० डॉलरपर्यंत होती. २०२५ सालापासून ती २,२०० डॉलर झाली. कमी मिळकतीच्या कष्टकरी कुटुंबांसाठी अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट नावाची दुसरी सवलत १९७५ पासून चालू आहे. तिच्यात तर कर शून्य झाला तरी वरची रक्कम सरकार रोख परत देते.

या सवलती मिळण्यास मूल आपल्या पोटचे आहे एवढे पुरत नाही. वय, नाते, सोशल सिक्युरिटी नंबर अशा अटी आहेतच. परंतु सगळ्यांत नाजूक अट राहण्याची आहे. मूल त्या वर्षात निम्म्याहून अधिक काळ त्या करदात्याच्या घरी राहिलेले असले पाहिजे. म्हणजे ३६५ दिवसांच्या वर्षात किमान १८३ दिवस, आणि २०२४ सारख्या लीप वर्षात १८४.

ही अट का, ते आपल्याला समजायला जड नाही. सवलत मुलाच्या जन्माबद्दलचे बक्षीस नाही. ज्या घरात मूल खाते-पिते, निजते-उठते त्या घराच्या खर्चाला तो हातभार आहे. शिवाय तिकडे नवरा-बायको विभक्त झाले, मूल आजीकडे राहिले, आत्याने सांभाळले, असे प्रकार पुष्कळ. तिथल्या कायद्याने आजी-आजोबा, मामा, मावशी, थोरला भाऊसुद्धा अटी पुऱ्या होत असतील तर मुलावर सवलत घेऊ शकतात. मग एकाच मुलावर दोघे-तिघे हक्क सांगतात. आपल्याकडे एकाच उसाची नोंद दोन कारखान्यांना होते, त्यातलाच हा प्रकार. ऊस एकच, नोंदी दोन. अशा वेळी निकाल कसा लावायचा हे कायद्यात लिहून ठेवले आहे. आई आणि वडील दोघेही वेगवेगळे विवरणपत्र भरून हक्क सांगत असतील, तर ज्याच्याकडे मूल जास्त रात्री राहिले त्याचा हक्क. रात्री समसमान भरल्या तर ज्याचे उत्पन्न जास्त त्याचा. म्हणजे सारा हिशेब रात्रींवर येतो.

खोटी नावे

पूर्वी तिकडे विवरणपत्रात मुलांची नावे नुसती लिहिली की भागत असे. १९८६ च्या कायद्याने पाच वर्षांवरील प्रत्येक अवलंबित मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर लिहिणे सक्तीचे केले. त्यानंतरच्या विवरणपत्रांतून सुमारे ७० लाख अवलंबितांची नावे एकाएकी नाहीशी झाली! काही मुले दोन्हीकडे मोजलेली होती, काही मुळात नव्हतीच. रेशनकार्डावरील बोगस नावे आपल्याला ठाऊक आहेत. प्रगत म्हणविणाऱ्या देशातही माणूस माणसासारखाच वागतो.

नंबर आल्यावर मूल आहे की नाही हे कळू लागले. पण ते राहते कुठे, हे नंबरावरून कळत नाही. ते कोणीतरी विचारावे लागते. हे विचारण्याचे काम सरकारने विवरणपत्र भरून देणाऱ्यावर टाकले.

विचारणारा का विचारतो

पैसे घेऊन दुसऱ्याचे विवरणपत्र भरून देणाऱ्याला तिकडे सरकारी ओळख क्रमांक घ्यावा लागतो आणि विवरणपत्रावर स्वतःची सही करावी लागते. १९९७ च्या कायद्याने त्याच्यावर आणखी एक जबाबदारी आली. कष्टकऱ्यांच्या त्या सवलतीचा दावा करताना त्याने पुरेशी चौकशी केली नसेल, तर प्रत्येक चुकीमागे त्यालाच १०० डॉलर दंड. २०११ मध्ये तो ५०० डॉलर करण्यात आला, आणि आता महागाईप्रमाणे दरसाल वाढतो. २०१५ च्या कायद्याने मुलांची सवलतही या नियमाखाली आणली. एका विवरणपत्रात तीन-चार सवलती असतील तर प्रत्येकीचा दंड वेगळा.

त्याने करावयाची कामे चार :

१) फॉर्म ८८६७ नावाची तपासणी-यादी भरून विवरणपत्रासोबत पाठवणे.
२) सवलतीचा हिशेब कागदावर करणे.
३) गिऱ्हाइकाला नीट प्रश्न विचारून त्याची उत्तरे त्याच वेळी लिहून ठेवणे.
४) हे सारे कागद तीन वर्षे जपणे.

यांतील तिसरे काम खरे. कायदा त्याला पोलीस व्हायला सांगत नाही. गिऱ्हाईक म्हणते ते साधारणपणे त्याने खरे धरावे. घरी जाऊन पाळणा मोजावा असे नाही. पण सांगितलेली गोष्ट अर्धवट वाटली, परस्परविरोधी वाटली, तर डोळेझाक करता येत नाही. तेथे आणखी विचारलेच पाहिजे आणि ज्या कागदावर भरवसा ठेवला त्याची प्रत ठेवली पाहिजे.

आपल्या कृषी सहायकाचेच पाहा ना. सभासदाने नोंदीला सांगितले, ‘एक हेक्टर, को ८६०३२, लागण जुलैची.’ सहायक ते लिहून घेतो. पण प्लॉटवर गेल्यावर ऊस कमरेएवढाच दिसला, तर तो विचारणार, ‘दादा, लागण नक्की जुलैचीच का?’ यात सभासदाचा अपमान नाही. नोंदवहीवर त्याची सही असते आणि त्या तारखेवरून पुढे तोडणीचा क्रम लागतो. त्याने डोळे मिटून लिहिले तर शेजारच्या खऱ्या जुलैच्या उसावर अन्याय होतो.

आबांच्या मुलाला त्याने काय विचारले

आबांना आम्ही म्हटले, आधी मुलाशी बोलू. सायंकाळी त्यांनी फोन लावला. मुलाने जे सांगितले ते ऐकण्यासारखे आहे.

त्याने विवरणपत्रासाठी कागद दिले, त्यांत पाळणाघराच्या पावत्या होत्या, कारण त्यावरही वेगळी सवलत असते. पावत्या जानेवारी ते मार्च आणि पुढे फक्त डिसेंबरच्या होत्या. त्या बाईने, त्यांचा टॅक्सवाला म्हणजे एक बाई आहेत, पावत्या पाहून साधा प्रश्न केला : “तुम्ही दोघेही नोकरी करता. मग एप्रिल ते नोव्हेंबर बाळाला कोण सांभाळत होते?”

मुलगा अडखळला. म्हणाला, आईवडील. बाई म्हणाल्या, “ते इकडे आले होते का?” तेथे सारे उघडे पडले. कुणी चहाडी केली नव्हती. त्याच्याच पावत्या बोलल्या. मग घाबरून त्याने सांगून टाकले की बाळ सुट्टीला दोन-अडीच महिने गावी गेले होते. बाई म्हणाल्या, तसे असेल तर तारखांचा कागद आणा.

सुट्टीचे नाव त्याने का घेतले तेही समजून घ्या. कायद्यात तात्पुरत्या गैरहजेरीला माफी आहे. आजारपण, शिक्षण, सुट्टी अशा कारणाने मूल काही काळ घराबाहेर असेल आणि परत येणारच असेल, तर ते दिवस घरी राहिल्यासारखे धरतात. उन्हाळ्यात दोन महिने आजोळी आलेल्या नातवंडाची काळजी करण्याचे कारण नाही. पण पाळणाघर परवडत नाही, दोघांच्या पाळ्या जमत नाहीत, म्हणून बाळ साडेसात महिने आजीच्या घरी वाढले, त्याला सुट्टी म्हणता येईल काय? अंगणवाडीच्या वहीत नाव आहे, लसीच्या कार्डावर इथल्या आरोग्य केंद्राच्या तारखा आहेत. तिचे घर त्या काळात इथेच होते.

आम्ही आबांसमोर कागदावर हिशेब मांडला. आजी बाळंतपणाला तिकडे होत्या, त्या बाळाला घेऊन ६ एप्रिल २०२४ रोजी तिथून निघाल्या. परत जाताना बाळ मावशीसोबत गेले आणि २१ नोव्हेंबरला आईबापांकडे पोहोचले.

१ जानेवारी ते ५ एप्रिल : ९६ रात्री
२१ नोव्हेंबर ते ३१ डिसेंबर : ४१ रात्री
एकूण : १३७ रात्री

पाहिजेत १८४. कमी पडल्या ४७. आबा गप्प झाले. टनेजच्या हिशेबात मुरलेला माणूस, आकडा त्यांना लगेच कळला.

खोटा दाखला दिला असता तर

समजा, आम्ही भिडेखातर लिहून दिले असते. बाईंनी तो कागद फाईलला लावून सवलत घेतली असती. पुढे इंटर्नल रेव्हेन्यू सर्व्हिसने, म्हणजे तिकडच्या आयकर खात्याने, चौकशी काढली तर पासपोर्टवरचे शिक्के आणि विमानाची तिकिटे कोण खोडणार? घेतलेली रक्कम व्याजासह परत करावी लागते, वर साधारण २० टक्के दंड बसू शकतो. नियमाकडे बेफिकिरीने दुर्लक्ष केले असे ठरले तर पुढील दोन वर्षे ही सवलत बंद. लबाडी ठरली तर दहा वर्षे. दोन हजारांसाठी दहा वर्षांचे पाणी तोडून घेण्यासारखे झाले. आणि नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्या माणसाच्या नावावर असा डाग बरा नव्हे. बाईंनी विचारले म्हणून मुलगा वाचला, असेच म्हटले पाहिजे.

आम्ही आबांना म्हटले, “आबा, दाखला देतो. पण पाडव्याला आली असाच देतो.”

आबा उठून गेले. आठ-दहा दिवस गट ऑफिसकडे फिरकले नाहीत. आम्हांलाही वाईट वाटले. वीस वर्षांचा घरोबा.

खरे सांगितल्यावर काय झाले

मुलाने शेवटी बाईंना खऱ्या तारखा सांगितल्या. त्या रागावल्या नाहीत. फक्त आणखी एक प्रश्न विचारला : “बाळाचा खर्च वर्षभर कोणी केला?”

त्याचे कारण असे. राहण्याची अट तुटली की चाइल्ड टॅक्स क्रेडिट गेले. पण पोटचे मूल बारा महिने दुसरीकडे राहिले तरी, त्याच्या वर्षाच्या पोटगीचा निम्म्याहून अधिक खर्च आईबापांनी केला असेल, आणि तिकडे दुसरा कोणी करदाता त्या मुलावर राहण्याच्या नात्याने हक्क सांगण्यास पात्र नसेल, तर ते ‘अवलंबित नातेवाईक’ म्हणून दाखवता येते. मूल अमेरिकेचे नागरिक असल्याने त्यावर ५०० डॉलरची लहान सवलत मिळते. ही दुसरी वाट मुलाला ठाऊक नव्हती. खोटे बोलत राहिला असता तर बाईंनी ती शोधलीच नसती.

आता खर्चाचा पुरावा आला आणि आबा पुन्हा आले. तोंडावर जरा हसू होते. “साहेब, नातीच्या दुधाचा हिशेब मागत्यात. दूध घरच्या गाईचं. लेकाकडनं नातीच्या दुधाचं पैसं घीन काय मी?”

आम्ही पासबुक मागितले. मुलगा दरमहा बाळासाठी म्हणून रक्कम पाठवीत होता, त्या नोंदी होत्या. तिकडच्या चार-पाच महिन्यांचा पाळणाघराचा, दवाखान्याचा आणि विम्याचा खर्च तर इथल्या खर्चाच्या कैक पट होता. घरच्या गाईचे दूध धरूनही मुलाचा वाटा निम्म्याच्या पुष्कळ वर गेला. पासबुकाच्या पानांच्या प्रती गेल्या. सोबत आमचा दाखला गेला, खऱ्या तारखांचा. ५०० डॉलर मिळाले. आणि २०२५ साली नात वर्षभर आईबापांजवळ राहिली, त्या वर्षाचा हक्क पुरा झाला.

ज्यांची नातवंडे तिकडे आहेत त्यांनी ध्यानात ठेवायचे

१) नातवंड गावी आले की येण्याची व जाण्याची तारीख वहीत लिहून ठेवा. विमानाच्या तिकिटाची प्रत मुलाकडे असू द्या.

२) सहा महिन्यांच्या आसपास ठेवायचे असेल तर आधी मुलाला वर्षाचा हिशेब करायला सांगा. मुक्काम दोन कॅलेंडर वर्षांत विभागला गेला, तर प्रत्येक वर्षाच्या रात्री वेगळ्या मोजतात. सवलतीसाठी मुलाला आजीपासून तोडा असे आम्ही म्हणत नाही. सोय काय आणि किंमत काय, ते आधी कळावे एवढेच.

३) शाळा, अंगणवाडी, दवाखाना यांचा दाखला मागितला तर त्यावर मुलाचे नाव, पालकाचे नाव, राहण्याचा पत्ता, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि देणाऱ्याची सही असावी. तारखा खऱ्याच असाव्यात.

४) सांभाळणाऱ्या नातेवाइकाच्या नुसत्या पत्रावर तिकडचे खाते समाधान मानत नाही, सोबत आणखी एक कागद मागते. तेव्हा आजोबांच्या पत्राबरोबर लसीचे कार्ड वा शाळेचा कागद जोडावा.

५) मुलाच्या घरात फारकत झाली असेल तर नातवंड कोणत्या रात्री कोणाकडे होते याची नोंद त्याने ठेवावी. मूल ज्याच्याकडे कमी रात्री राहते, त्याला दुसऱ्या पालकाने फॉर्म ८३३२ वर लिहून दिले, तर मुलांची सवलत घेता येते. कष्टकऱ्यांची सवलत मात्र तशी देता-घेता येत नाही.

६) काहीही न विचारता ‘मोठा परतावा काढून देतो’ म्हणणारा, परताव्यावर टक्केवारी मागणारा आणि विवरणपत्रावर स्वतःची सही न करणारा टॅक्सवाला भेटला, तर मुलाला म्हणावे, त्याच्या दारात उभा राहू नकोस. चौकशी आली की तो नाहीसा होतो आणि उत्तर मुलाला द्यावे लागते.

७) मुलाचा व्हिसा, नोकरी, उत्पन्न यांवरून नियम बदलतात. अखेरचा शब्द तिकडच्या जाणकाराचा घ्यावा. आम्ही उसातले.

सभासदांनी गट ऑफिसात जरूर यावे. दाखला लागला तर आम्हांला जे ठाऊक आहे ते आम्ही लिहून देऊ, आणि ठाऊक आहे तेवढेच देऊ. आपल्या कारखान्याच्या लेटरहेडला दूरदेशी किंमत आहे, ती याच कारणाने टिकली आहे.

आबांची नात यंदा मे महिन्यात येणार आहे. दीड महिन्यासाठी. आबांनी तारीख कॅलेंडरवर आताच लिहून ठेवली आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी